गळ्यातल्या बटणाचा अँटेना : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

एकट्यानं राहणाऱ्या वयस्कर माणसांनी गळ्यात घालायचं बटण. पाय घसरला, चक्कर आली की दाबायचं, आणि घरातल्या रिसीव्हरपर्यंत निरोप पोचायलाच हवा. रेडिओ ब्लूटूथ लो एनर्जीचा, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा बँड. बोर्ड ३६ × २२ मिमी, ०.८ मिमी जाडीचा एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीचं लॅमिनेट). त्यावर सीआर२०३२ सेल : २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी, बाहेरून निव्वळ धातू. एका आखूड कडेला ५ मिमीची पट्टी मोकळी ठेवली आहे, पण दोन्ही कोपऱ्यांत केसच्या खुंट्या येतात. त्यामुळे अँटेनाचा ट्रेस, म्हणजे बोर्डावर छापलेली तांब्याची रेघ, १२ × ५ मिमीत बसवायचा आहे.

ले-आउटला हात लावण्याआधी एक हिशोब. लहान अँटेनाला जास्तीत जास्त किती बँडविड्थ मिळू शकते, याची मर्यादा व्हीलरनं १९४७ मध्ये आणि चूनं १९४८ मध्ये मांडली. अँटेना ज्या गोलात मावतो त्याचा परीघ घ्यायचा, त्याला तरंगलांबीनं भागायचं. हे गुणोत्तर एकाच्या खाली गेलं की क्यू (साठलेल्या ऊर्जेचं बाहेर जाणाऱ्या ऊर्जेशी प्रमाण; क्यू जास्त तितकी बँडविड्थ कमी) त्याच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चढत जातो. २४४२ मेगाहर्ट्झला तरंगलांबी १२२.८ मिमी. १२ × ५ चा कर्ण १३ मिमी, म्हणजे गुणोत्तर ०.३३. क्यू कमीत कमी ३०. व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) २ च्या आत ठेवायचा तर २.३ टक्के, म्हणजे साधारण ५७ मेगाहर्ट्झ मिळतात. मला ८३.५ हवेत. शिवाय ही मर्यादा गोल पुरेपूर वापरणाऱ्या आदर्श अँटेनाची आहे, सपाट तांब्याचा ट्रेस तिच्या जवळपासही जात नाही.

आता तोच हिशोब अख्ख्या बोर्डाचा. कर्ण ४२.२ मिमी, गुणोत्तर १.०८, क्यू १.७. अडचणच उरत नाही.

म्हणजे १२ × ५ चा तुकडा एकट्यानं हे काम करूच शकत नाही. प्रसारण बोर्डाच्या ग्राउंडकडून, म्हणजे बोर्डभर पसरलेल्या तांब्याच्या थराकडून, करून घ्यायचं आणि ट्रेसनं त्याला फक्त चालना द्यायची. ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं : अँटेना म्हणजे अख्खा बोर्ड. इथून पुढं बोर्डावरची कुठलीही वस्तू हलली तर मला कळलं पाहिजे.

८ जानेवारी

सिरॅमिक चिप अँटेना की छापील ट्रेस? चिप बसवायला सोपी आणि मोजमापाला पक्की. पण तिच्या डेटाशीटमधले कार्यक्षमतेचे आकडे ज्या चाचणी-बोर्डावर घेतलेले असतात, तो बहुतेक वेळा आमच्या बोर्डापेक्षा बराच मोठा असतो. ते आकडे त्या बोर्डाचे, चिपचे नव्हेत. आमच्या ३६ मिमीवर तीच चिप वेगळी वागणार. छापील ट्रेसचं वागणंही बोर्डावरच अवलंबून आहे, पण त्याची लांबी चाकूनं कमी करता येते, तांब्याच्या टेपनं वाढवता येते.

नागमोडी इन्व्हर्टेड-एफ (आडव्या पाडलेल्या एफ अक्षरासारखा ट्रेस) ठरवला. कारण नोंदवून ठेवते. पाव तरंगलांबीचा उभा मोनोपोल हवेत ३०.७ मिमी उंच हवा. तो वाकवून ग्राउंडच्या कडेला समांतर आडवा केला की उंची उरते साडेचार मिमी. अनंत ग्राउंडवर असं केलं असतं तर प्रसारण-रोध उंचीच्या वर्गानं कमी होत दोन ओहमवर आला असता. एवढ्याशा रोधासमोर तांब्याचा आणि एफआर-४ चा तोटाच भारी पडतो. लहान बोर्डावर मात्र ग्राउंड स्वतःच प्रसारण करतो म्हणून प्रत्यक्ष रोध बराच वर राहतो, आणि फीडच्या (रेडिओकडून शक्ती आत येते त्या जागेच्या) शेजारी ग्राउंडला जोडलेला आखूड पाय त्याला ५० ओहमपर्यंत उचलतो. फीड आणि त्या पायातलं अंतर हीच मॅचिंगची, म्हणजे अँटेनाचा रोध ५० ओहमशी जुळवण्याची, मुख्य किल्ली. कंपोनंट त्यानंतर.

१५ जानेवारी

ओपनईएमएस या विद्युतचुंबकीय सिम्युलेटरमध्ये मॉडेल चालवलं. प्रवाहाचं चित्र समोर आलं तेव्हा सगळ्या टीमला बोलावून दाखवलं, कारण हे शब्दांत पटवून देणं अवघड असतं. ट्रेसमध्ये प्रवाह आहेच; पण तितकाच ठळक प्रवाह ग्राउंडच्या दोन्ही लांब कडांवरून खालपर्यंत जातो. मधल्या भागात जवळजवळ काही नाही. कडा काम करतात.

मोकळी पट्टी वगळून ग्राउंडची लांबी ३१ मिमी उरते, हवेतल्या पाव तरंगलांबीच्या अगदी जवळ. डायपोलचा दुसरा अर्धा भाग आपसूक मिळाला. ग्राउंड २५ मिमीवर आणून बघितलं तर मॉडेलमधली बँडविड्थ १२८ मेगाहर्ट्झवरून ८० च्या खाली घसरली.

हे बघायचं कारण असं की केसचं काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी विचारलं होतं, "बोर्ड ३० मिमीचा केला तर चालेल का? खालच्या सहा मिमीत नुसतं तांबंच आहे." ते नुसतं तांबं म्हणजेच अँटेना आहे. चित्र बघितल्यावर त्यांनी स्वतःच तो विषय मागे घेतला. प्रोग्रॅमिंगच्या कनेक्टरसाठी लांब कडेला जी खाच होती तीही आखूड कडेला नेली; लांब कडेवर खाच म्हणजे प्रवाहाच्या वाटेत वळसा.

दोन्ही लेयरचे ग्राउंड कडेकडेनं व्हायांनी (थर जोडणाऱ्या, आतून धातू चढवलेल्या भोकांनी) शिवले, दर अडीच मिमीला एक.

२८ जानेवारी

बोर्ड हातात आले. आज फक्त मोजणीची मांडणी, आणि तिला दिवस गेला तरी हरकत नाही. लहान बोर्डाच्या मोजणीत सगळ्यात मोठा धोका केबलचाच असतो.

बारीक कोअॅक्सची शेपटी बोर्डाला जोडली, मॅचिंगच्या जागेवर मधली तार फीडला आणि बाहेरची जाळी ग्राउंडला. नॅनोव्हीएनए या यंत्राच्या (कुठल्या वारंवारतेला किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या) तीन गिगाहर्ट्झपर्यंत जाणाऱ्या आवृत्तीवर ओपन, शॉर्ट, लोड. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला केलं आणि उरलेली शेपटी पोर्ट एक्स्टेन्शननं वजा केली : फीड तोडून ओपन ठेवलं की स्मिथ चार्टवरचा (रोधाच्या गोल आलेखावरचा) ठिपका उजव्या टोकाला गोळा झाला पाहिजे, तोपर्यंत वेळ वाढवत न्यायची.

मग चाचणी. परत येणाऱ्या शक्तीच्या आलेखात २.५६ गिगाहर्ट्झला दरी, म्हणजे रेझोनन्स, दिसत होती. केबल बोर्डापासून दहा सेंटिमीटरवर चिमटीत धरली तर दरी सरकून २.५१ ला आली आणि चार डीबी उथळ झाली (डीबी हे शक्तीच्या गुणोत्तराचं माप; तीन डीबी म्हणजे साधारण दुप्पट किंवा निम्मी). चिमूट खाली सरकवत नेली तसतशी दरी परत वर आली, पुन्हा खाली गेली. याचा अर्थ केबलच्या जाळीवरून प्रवाह बाहेर वाहतोय, केबल अँटेनाचा भाग झाली आहे. या अवस्थेत जे काही ट्यून कराल ते बोर्ड अधिक केबल यांचं ट्यूनिंग होईल, आणि केबल काढली की सगळं व्यर्थ.

उपाय दोन, आणि दोन्ही लागले. केबल बाहेर काढण्याची जागा बदलली : आखूड कडेऐवजी लांब कडेच्या मध्यातून, प्रवाहाला काटकोनात, जिथं विद्युत क्षेत्र कमी असतं. आणि केबलवर पाव तरंगलांबीची, सुमारे तीस मिमीची पितळी नळी चढवली, लांबच्या टोकाला जाळीशी झाळलेली आणि बोर्डाकडच्या टोकाला उघडी. तिच्यामागे फेराइटचे मणी. बहुतेक फेराइट या वारंवारतेला थकलेलं असतं, फक्त थोडा तोटा घालतं, पण इथं तोटाच हवा आहे. आता केबल कुठंही धरा, दरी जागची हलत नाही.

ही चिमटीची चाचणी लहान बोर्डावर काम करणाऱ्या प्रत्येकानं करावी. मिनिटभराचं काम आहे.

३० जानेवारी

नुसता बोर्ड २.५६ गिगाहर्ट्झ. एबीएसच्या केसमध्ये २.५१. छातीवर, कपड्यावरून, २.४६. शरीर आणि प्लास्टिक दोन्ही रेझोनन्स खाली ओढतात, म्हणून ट्रेस मुद्दाम आखूड ठेवला होता. लक्ष्य २.४४, आणि तेही गळ्यात घातलेल्या अवस्थेत. टेबलावर देखणा आलेख आणून काही साध्य होत नाही. हे बटण टेबलावर ठेवलेलं असताना कुणाला मदत लागणार नाही.

टोकाला दोन अरुंद पट्ट्या तांब्याची टेप लावून लांबी वाढवली. अंगावर २.४४ आलं, दरी उणे १४ डीबी, बँडच्या दोन्ही टोकांना उणे ९ च्या आसपास. उणे साडेनऊ म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर २, म्हणजे अकरा टक्के शक्ती परत. उणे ६ आलं असतं तरी परत येणारी शक्ती पंचवीस टक्के, तोटा सव्वा डीबी. रिटर्न लॉसच्या, म्हणजे परत येणाऱ्या शक्तीच्या या आकड्याच्या, मागे यापेक्षा जास्त लागण्यात अर्थ नाही. तोटा खरा दुसरीकडे आहे, त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात.

एक सांगून ठेवते : पन्नास ओहमचा रोधक जोडला तर त्याचा रिटर्न लॉस अप्रतिम येतो, आणि तो काहीही प्रसारित करत नाही.

५ फेब्रुवारी

सेल. सेल बसवला की रेझोनन्स २५ मेगाहर्ट्झ हलतो आणि दरी रुंद होते. रुंद होणं हे इथं वाईट चिन्ह आहे : क्यू कमी झाला तो प्रसारणामुळे नव्हे, कुठं तरी शक्ती जिरतेय.

कारण मॉडेलमध्ये दिसलं. सेलचा धन बाजूचा डबा बोर्डावर सव्वा मिमी उंचीवर तरंगतो, क्लिपमधून एका लांब ट्रेसनं रेग्युलेटरला जोडलेला. २.४ गिगाहर्ट्झला तो ग्राउंडचा भाग नाही, आणि पुरता वेगळाही नाही. मधल्या फटीत स्वतःचा लहानसा रेझोनन्स करतो. क्लिपजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर होताच, पण या वारंवारतेला तो कपॅसिटर राहत नाही, त्याचं स्वतःचं इंडक्टन्स वरचढ होतं. ०४०२ या छोट्या आकाराच्या भागात ते साधारण अर्धा नॅनोहेन्री असतं. मग त्याच अर्ध्या नॅनोहेन्रीचा उपयोग करून घ्यायचा : ८.२ पिकोफॅरड त्याच्याशी २.४८ गिगाहर्ट्झला सिरीज रेझोनन्स करतो, म्हणजे नेमका आपल्या बँडमध्ये जवळजवळ शॉर्ट. असे दोन कपॅसिटर, क्लिपच्या दोन्ही पायांशी, प्रत्येकाला स्वतःची व्हाया. सेलचा डबा आता ग्राउंडशी बांधला गेला. हलणं ६ मेगाहर्ट्झवर आलं आणि दरीची रुंदी पूर्ववत.

शिवाय सेल अँटेनाच्या कडेपासून तीन मिमी मागे सरकवला. तेवढीच जागा होती.

१२ फेब्रुवारी

कार्यक्षमता. अनएकोइक चेंबर (लहरी भिंतींवरून परतू न देणारी खोली) आमच्याकडे नाही, पण व्हीलरनंच सुचवलेली धातूच्या झाकणाची रीत आहे आणि ती लहान अँटेनासाठी पुरेशी चांगली आहे. अँटेनाचा रेझोनन्सवरचा रोध मोजायचा : त्यात प्रसारणाचा रोध आणि तोट्याचा रोध दोन्ही असतात. मग अँटेनावर धातूचा डबा पालथा घालायचा. प्रसारण थांबतं, उरतो फक्त तोटा. दोन आकड्यांतून कार्यक्षमता निघते.

डब्याचं माप हाच नाजूक मुद्दा. व्हीलरचा गोल तरंगलांबी भागिले दोन पाय एवढ्या त्रिज्येचा, इथं साडेएकोणीस मिमी. आमच्या बोर्डाचा अर्धा कर्णच २१ मिमी. आणि प्रसारण सगळा बोर्ड करतो, तेव्हा नुसत्या ट्रेसवर टोपी घालून चालणार नाही. ६० × ६० × ५० मिमीचा पितळी पत्र्याचा डबा झाळून घेतला. त्याच्या पोकळीचा पहिला रेझोनन्स साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, आपल्या बँडपासून पुरेसा लांब. कडांना तांब्याची टेप, केबल बाहेर येते तिथं जाळी डब्याला झाळलेली.

उघडा : ४६ ओहम. बंद : १५ ओहम. म्हणजे ३१ भागिले ४६, सदुसष्ट टक्के, उणे १.७ डीबी. सेल बांधण्याआधीच्या बोर्डावर हाच आकडा ४४ टक्के येतो. दोन कपॅसिटरांनी जवळजवळ दोन डीबी दिले. मॅचिंगचा इंडक्टर साधा बहुस्तरी होता, तो तारगुंडाळीचा घातला तर आणखी दोनेक टक्के. ठेवला.

१७ फेब्रुवारी

शरीर. इथं व्हीलरचा डबा उपयोगाचा नाही. तुलनाच करावी लागते. २.४५ गिगाहर्ट्झला स्नायूंचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ५२ ते ५३, वाहकता १.७ सीमेन्स प्रति मीटरच्या वर. त्यावरून भेदनखोली निघते सुमारे २२ मिमी : दर बावीस मिमीला ८.७ डीबी गेले. वीस सेंटिमीटरच्या धडातून आरपार जायचं तर ऐंशी डीबी. म्हणजे सिग्नल माणसातून जात नाही, माणसाला वळसा घालून जातो, आणि भिंतींवरून परतून येतो. रिकाम्या बाहेरच्या मैदानात पाठमोरं उभं राहिलं की बटण जवळजवळ मुकं होतं, घरात नाही होत, ते याचमुळे.

शरीराच्या अंतराची मोजणी : रिसीव्हर तीन मीटरवर समोर, बटण छातीवर, खाली वेगवेगळ्या जाडीचा फोम. हवेतल्या पातळीच्या तुलनेत ४ मिमी अंतराला ११ डीबी कमी, ७ मिमीला ८ डीबी, १० मिमीला ६ डीबी. पहिल्या तीन मिलिमीटरला तीन डीबी! कुठल्याही मॅचिंगनं एवढं दिलं नसतं. केसच्या पाठीला तीन मिमी उंचीचं गोल कडं मागितलं. "जाड दिसेल," असं उत्तर आलं, आणि ते खरं आहे. पण कपड्याआड असणाऱ्या वस्तूचं जाड दिसणं मी सहन करायला तयार आहे. कडं मंजूर झालं.

दुसरी गोष्ट दोरीची. बटण ज्या कडीतून लोंबतं ती वरच्या कडेला; अँटेना सुरुवातीच्या आराखड्यात तिथंच होता, कारण तिथं केस पातळ होत जाते. दोरी सुती असेल तर फरक पडत नाही. पण लोक दोरी काढून धातूची साखळी घालणार, यात मला शंका नाही. साखळी घालून मोजलं : वरच्या कडेला अँटेना असताना रेझोनन्स ७० मेगाहर्ट्झ खाली आणि पातळी साखळीच्या पडण्यावर अवलंबून, कधी तीन डीबी कमी, कधी नऊ. बोर्ड उलटा करून अँटेना खालच्या कडेला नेला की साखळीचा परिणाम एक डीबीच्या आत. खालची कड मग ठरली. वापरणाऱ्याला "साखळी घालू नका" असं माहितीपत्रकात लिहून जबाबदारी ढकलणं मला पटत नाही.

२० फेब्रुवारी

माणूस बटणावरच पडला तर? सगळं काम ज्या क्षणासाठी आहे तो हाच.

रिसीव्हर आठ मीटरवर, मध्ये एक विटांची भिंत. प्रसारण शून्य डीबीएम, म्हणजे एक मिलिवॉट. उभं राहून उणे ६८ डीबीएम. उताणं झोपून उणे ७२. मग बटण छातीखाली घेऊन फरशीवर पालथी झोपले : सरासरी उणे ८९, आणि अंग जरा हललं की उणे ९७ पर्यंत बुड्या. रिसीव्हरची संवेदनशीलता उणे ९५, त्याखालचं त्याला नीट ऐकू येत नाही. म्हणजे निरोप बहुधा पोचतो. बहुधा पुरेसं नाही.

मोकळ्या हवेत दहा मीटरला तोटा फक्त ६० डीबी असतो. बाकीचा सगळा माणसाचा, भिंतीचा आणि फरशीचा. अँटेनाकडून आता आणखी दीड डीबीच निघू शकतात, कार्यक्षमता शंभर टक्के केली तरी. त्यामुळे उरलेली तूट दुसरीकडून भरायची. ब्लूटूथ ५ मधला १२५ किलोबिटचा कोडेड वेग (सावकाश, प्रत्येक बिट जादा खुणांसह पाठवणारा) साधारण ८ डीबी देतो. प्रसारण +४ डीबीएम केलं की आणखी ४. सेलवरचा भार क्षणाचाच आहे, त्याला १०० मायक्रोफॅरडचा आधार दिला म्हणजे जुन्या सेलचं व्होल्टेज कोसळणार नाही. आणि निरोप एकदा पाठवून थांबायचं नाही : २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झच्या तिन्ही वाहिन्यांवर, पोच येईपर्यंत सतत. बुडी एका वारंवारतेला खोल असते तेव्हा दुसरीला बहुतेक वेळा उथळ असते, आणि श्वासानंही शरीर दोन-तीन मिलिमीटर हलतं.

हे सगळं लावून पुन्हा पालथी झोपले, त्याच जागी, मग दाराच्या आड, मग पलंग आणि भिंतीच्या फटीत. पलंगाच्या फटीत पोच यायला चार सेकंद लागले, बाकी ठिकाणी एकाच्या आत. चार सेकंद चालतील.

२६ फेब्रुवारी

रेव्हिजन सी साठी गोठवलेल्या गोष्टी. ट्रेस खालच्या कडेला. टोकाची शेवटची दीड मिमी पट्टी तुटक ठेवली आहे, शून्य ओहमच्या जागेसह, म्हणजे एफआर-४ ची खेप बदलली तरी नवं बोर्ड न काढता लांबी बदलता येईल. या लॅमिनेटचा स्थिरांक ४.२ ते ४.६ मध्ये कुठंही असू शकतो, आणि खरेदी विभागाला पुरवठादार बदलायचा झाला तर आधी माझ्याकडे नमुना यावा असं कराराच्या टिपणात घातलं. मॅचिंगचे कपॅसिटर एनपी० (तापमानानं मूल्य जवळजवळ न बदलणारे), सहिष्णुता पाव पिकोफॅरडच्या आत नव्हे, दशांशाच्या आत. अँटेनाखाली कुठल्याच लेयरवर तांबं नाही, केसवर तिथं धातूचा रंग नाही, छापील स्टिकरही चंदेरी नाही.

कारखान्यातली चाचणी : ठरलेल्या प्लास्टिकच्या साच्यात बटण, मागे साखर-मिठाच्या पाण्याची बंद पिशवी. नुसत्या पाण्याचा स्थिरांक ७७ च्या आसपास, शरीरापेक्षा बराच जास्त. साखरेनं तो खाली आणला आणि मिठानं वाहकता वाढवली. वीस सेंटिमीटरवर रिसीव्हर, तिन्ही वाहिन्यांवर पातळी, सुवर्ण-नमुन्यापासून (तुलनेसाठी जपून ठेवलेल्या बटणापासून) दोन डीबीच्या आत. एका वाहिनीवर जरी बाहेर गेलं तरी बटण बाजूला, आणि ते दुरुस्तीला न जाता आधी माझ्या टेबलावर.

गर्बर (बोर्ड बनवायच्या फाइली) पाठवले.